तवंदी घाटातला तो ब्रेक आणि सीटखालची थरथर

ऊस सुरू झाला की आमच्याकडं रात्रीचं गाडी चालवणं सगळंच बदलून जातंय. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूला लोंबणारा ऊस, मागं रिफ्लेक्टर असला तर असला, आणि हे सगळं हायवेच्या कडेनं पंधरा-वीसच्या स्पीडनं चाललेलं. नोव्हेंबरात असाच एक ट्रॅक्टर तवंदी घाट उतरल्या उतरल्या बाजूच्या रस्त्यावरनं एकदम माझ्या पुढं आला आणि मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो.

आमचा मांडव, लाइट आणि जनरेटरचा धंदा आहे, बेळगावजवळ येळ्ळूरला. जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलाय आणि ती ट्रॉली पिकअपच्या मागं हुकाला लावून न्यायची. त्या रात्री निपाणीच्या पुढं एका खेड्यात लग्न होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी हळद, म्हणून रात्रीच निघालो. गाडीत कापड, खुर्च्या, वायरिंगचे ड्रम मिळून चारशे किलो तरी असेल, मागं जनरेटर ट्रॉलीसकट बाराशे. घाट संपत आला म्हणून मी जरा सैल सोडली होती, मीटरवर सत्तरच्या आसपास. ही माझी चूक, ट्रॉली मागं असताना सत्तर हा स्पीडच नव्हे.

गाडी थांबली, ट्रॅक्टर आणि आमच्यात दोन हात अंतर राहिलं असेल. पण थांबताना मागनं ट्रॉलीनं जो धक्का दिला तो अजून पाठीत आठवतोय. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, आमच्याकडच्या बहुतेक जनरेटर ट्रॉल्यांना नसतोच, त्यामुळं तिचं सगळं वजन पिकअपच्या ब्रेकलाच थांबवायला लागतंय. मी नंतर हिशेब मांडून बघितला. गाडी सतराशे, माल चारशे, ट्रॉली बाराशे, म्हणजे ३३०० किलो, आणि स्पीड ७०. एवढ्याची गतिज ऊर्जा सव्वासहा लाख ज्यूलच्या आसपास जाते. नळाचं दोन लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते ना, जवळजवळ तेवढी, आणि ती सगळी चार-पाच सेकंदात ब्रेक आणि टायरात गेली. तेच मी चाळीसला असतो तर हीच ऊर्जा एक तृतीयांश झाली असती, कारण स्पीडचा वर्ग होतो. शाळेत हे शिकलेलो, पण खरं कळलं ते त्या रात्री.

गाडी कडेला घेतली. आमच्याकडं कामाला येणारं पोरगं टॉर्च घेऊन खाली उतरलं. रबराचा जळका वास होताच, त्याशिवाय लायनरचा तो आंबूस वास. अशा वेळी काय बघायचं ते इथंच सांगतो, कारण लोक लगेच पुढं निघतात. चाकांचे नट सैल झालेत का ते पाना लावून बघायचं. पाट्यांचा (एक्सलवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांचा) सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट बघायचे, कारण मागनं ट्रॉली ढकलते तेव्हा एक्सल सरकायचा धोका असतो आणि सेंटर बोल्ट तुटला असेल तर एका बाजूचं चाक मागं-पुढं दिसतं. ब्रेक ऑइल कुठं गळतंय का, पेडल खाली जातंय का. ट्रॉलीच्या हुकाची पिन, सेफ्टी चेन. ड्रमला हात लावायचा नाही, लांबनं धग कळते, आणि पाणी तर अजिबात मारायचं नाही, तापलेलं बीड (ओतीव लोखंड) गार पाण्यानं तडकतंय. आणि तापल्या ब्रेकवर पाय दाबून ताटकळत बसायचं नाही, हँडब्रेकसुद्धा नको, चाकाला दगड लावायचा. आम्ही अर्धा तास थांबलो. सगळं जागेवर दिसलं, पेडल कडक होतं, निघालो.

पन्नासपर्यंत काय नाही. पंचावन्न-साठला आलो तशी सीटखालनं थरथर सुरू झाली. पोरगं म्हणालं, "दादा, रस्ता खराब हाय वाटतंय." रस्ता चांगला होता.

लग्न उरकलं, चाळीसनं गाडी परत आणली आणि तिसऱ्या दिवशी गॅरेजला लावली. इथनं माझा पैसा आणि वेळ जायला सुरुवात झाली. पहिल्या गॅरेजवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाला, कडक ब्रेक मारलाय न्हवं, मग डिस्क वाकली. पुढच्या दोन्ही डिस्क काढल्या, लेथवर टर्निंग मारलं, नवीन पॅड टाकले. थरथर जशीच्या तशी. मग व्हील बॅलन्सिंग. चारी चाकं मशीनवर चढवली, वजनं ठोकली, मशीननं शून्य दाखवलं. साठला थरथर हाय तशीच. मग तो म्हणाला मागचे ड्रम बदला, आणि तिथं मी थांबलो, कारण एवढं कळलं की माणूस अंदाजानं एक-एक पार्ट काढतोय आणि बिल मी भरतोय.

खरं तर डिस्कला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायला पाहिजे होता, ब्रेक मारताना थरथरतंय का ब्रेक न मारताही? डिस्कचा दोष असला तर ब्रेक दाबल्यावर कळतो, पेडल पायाखाली धडधडतं, स्टेअरिंग हातात हलतं. माझी गाडी ब्रेक न लावता साठला थरथरत होती आणि ब्रेक मारला की उलट स्पीड उतरतो तशी शांत व्हायची. डिस्क वाकली हे आपण सरसकट बोलतो, पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसतेच. पॅड अतिशय तापल्यावर त्याचा माल डिस्कवर कुठं जाड कुठं पातळ असा चिकटतो, आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं तर जिथं पॅड टेकलाय तिथं त्याचा छापच उठतो. जाडीतला हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो, तरी पायाला कळतो. माझ्या डिस्कला तसं काही नव्हतं. टर्निंगचे पैसे फुकट गेले ते गेलेच, शिवाय चांगल्या डिस्कची जाडी कमी झाली याचं मला जास्त वाईट वाटतंय.

माझा भाचा बेळगावातच मेकॅनिकलला आहे, शेवटच्या वर्षाला. रविवारी जेवायला आला होता, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, आधी पाना खाली ठेवा. गाडीत काय-काय फिरतंय ते मोजू, आणि कुठलं कितींदा फिरतंय ते बघू."

मला हे एवढं पटलं की सांगू नका. गाडीत फिरणाऱ्या गोष्टी तीनच प्रकारच्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या, प्रोपेलर शाफ्टबरोबर (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा लांब दांडा) फिरणाऱ्या आणि इंजिनबरोबर फिरणाऱ्या. आमचं टायर २१५/७५ आर १५. त्याचा व्यास काढला तर ७० सेंटिमीटर आणि घेर २ मीटर २० सेंटिमीटरच्या आसपास. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला पावणेसतरा मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात फेरे मारतं. डिफरन्शियलचा (मागच्या एक्सलमधल्या दात्यांच्या पेटीचा) रेशो आमच्या गाडीत चारच्या जवळ, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार, म्हणजे तोपर्यंत शाफ्ट सेकंदाला तीस फेरे मारतो. आता हे दोन्ही अंगाला वेगळे लागतात. साडेसातची थरथर म्हणजे थडथड, मोजता येत नाही पण एक-एक ठोका जाणवतो, सीटवर माणूस हलतो, आरशातली लाइट हलते. तिसाची थरथर म्हणजे घुंघुं, पायाखालचा पत्रा मुंग्या आल्यासारखा लागतो आणि कानात दडा बसल्यागत होतंय.

दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही दोघं गाडी घेऊन खानापूर रोडला गेलो. पहिलं काम, ट्रॉली घरी सोडली. हे इतकं साधं आहे आणि महिनाभर कुणीच केलं नव्हतं, मीपण नाही. ट्रॉली सोडल्यावर थरथर गेली तर दोष ट्रॉलीत, तिच्या टायरात, बेअरिंगात नाहीतर हुकाच्या पिनेत. गेली नाही. थोडी कमी झाली एवढंच.

मग भाच्यानं फोन दोन सीटच्या मधे पत्र्यावर डबल टेपनं चिकटवला. फायफॉक्स नावाचं ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं, फुकट मिळतं, फोनच्या आतला सेन्सर वापरून हलण्याचा आलेख काढतं आणि त्यात सेकंदाला कितींदा हलतंय ते शिखरासारखं वर आलेलं दिसतं. साठला धरून चालवली. तो बाजूला बसून आलेख बघत होता आणि एकदम म्हणाला, "मामा, दोन हाईत!" एक शिखर साडेसातच्या आसपास आणि दुसरं तिसाजवळ. पन्नासला आणली तर दोन्ही खाली सरकले, सव्वासहा आणि पंचवीस. स्पीडबरोबर सरकतात म्हणजे चाक आणि शाफ्ट, दोन्हीकडं दोष. महिनाभर मी एका रोगाचं औषध शोधत होतो आणि रोग दोन होते.

एक शंका मात्र राहत होती. आमच्या गाडीचा चौथा गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे चौथ्यात इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात, मग तिसाचं शिखर इंजिनचं नव्हे कशावरनं? त्यासाठी तोच साठचा स्पीड ठेवून तिसरा टाकला. इंजिनचा आवाज चढला, पण शिखर तिसालाच राहिलं. मग रस्ता सपाट आणि पूर्ण मोकळा बघून, इंजिन चालू ठेवूनच, दोन-चार सेकंद न्यूट्रल केली. घाटात, उतारावर किंवा ट्रॉली लावून हे कुणी करू नका, इंजिनची अटक जाते. न्यूट्रलला तिसाचं शिखर कमी झालं पण गेलं नाही, आणि परत गिअर टाकून ॲक्सिलेटर दाबला तसं वाढलं. ओढताना वाढतंय आणि सोडल्यावर उतरतंय, हा शाफ्टच्या क्रॉसचा (वाकून फिरणाऱ्या सांध्याचा) नाहीतर सेंटर बेअरिंगचा (शाफ्टला मधे धरणाऱ्या बेअरिंगचा) गुण. साडेसाताचं मात्र ओढा नाहीतर सोडा, जसंच्या तसं.

आणि ही थडथड हातात नव्हती, सीटखाली होती. स्टेअरिंग शांत असेल तर पुढच्या चाकांवर संशय कमी घ्यायचा, बूड हलत असेल तर मागं बघायचं. अगदी शंभर टक्के नियम नव्हे हा, पण सुरुवात कुठनं करायची ते कळतं.

घरी येऊन मागची दोन्ही चाकं जॅकवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, चेसिसखाली स्टँड दिला. एक वीट ठेवून तिच्यावर खडू असा धरला की टायरला जेमतेम लागेल, आणि चाक हातानं हळू फिरवलं. डावं चाक फिरताना खडू घासत-घासत गेला आणि मधेच एका ठिकाणी सुटला, तळहाताएवढ्या जागेत, आणि पुढं परत घासायला लागला. तिथं हात फिरवला तर गुळगुळीत सपाट पट्टा. चाक जॅम होऊन घसटलं होतं. उजव्यालाही होता पण बारीक. आता बॅलन्सिंग मशीननं शून्य का दाखवलं ते पण कळलं, मशीन फक्त वजन सारखं आहे का बघतं, चाक गोल आहे का नाही ते बघत नाही. भाकरीच्या कडेचा एक तुकडा मोडला आणि समोरच्या बाजूलाही तेवढाच मोडला तर तोल राहील की, पण ती गडगडत नीट जाईल काय?

शाफ्टचं काम मात्र घरी जमणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑटोनगरला एका जुन्या मिस्त्रीकडं गेलो. गोकाककडचे आहेत, सगळे अण्णा म्हणतात, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतात आणि हात लावायच्या आधी विचारतात जास्त. त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न, "ब्रेक मारताना क्लच दाबला होतास का गिअरात होती?" मी आठवलं. ब्रेकबरोबर मी चौथ्यावरनं दुसरा टाकला होता आणि क्लच एकदम सोडला होता, हिसका बसलेला. अण्णांनी मान हलवली, "बिच्चि नोडोणरी (उघडून बघूया)," आणि गाडीखाली गेले.

शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधे सेंटर बेअरिंग, रबराच्या कड्यात बसवलेलं. अण्णांनी शाफ्टला खालनं हात देऊन वर उचललं तर तो बोटभर वर आला आणि सोडल्यावर धप्पकन खाली. रबर अर्ध्याहून जास्त फाटलेलं होतं. त्यांनी मला खाली बोलावून दाखवलं. फाटलेल्या भागातला काही जुना, काळा-मातकट, आणि काही ताजा. म्हणजे रबर आधीच जीर्ण होतं, त्या रात्रीच्या हिसक्यानं उरलेलं गेलं. जोरात ब्रेक लागला की मागचा एक्सल आपल्या जागी थोडा पीळ खातो, पाटे इंग्रजी एससारखे वाकतात, डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि शाफ्टचा कोन बदलतो. त्यात मागनं बाराशे किलो ढकलतंय आणि वरनं माझा क्लचचा हिसका.

शाफ्ट काढायच्या आधी अण्णांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन्ही तुकड्यांवर जोडाच्या ठिकाणी एक सरळ रेघ ओढली. हे बघून मला त्यांचा फार आदर वाटला. दोन तुकड्यांचे कान (क्रॉस धरणारी टोकं) एका रेषेत असायला लागतात, स्प्लाइनमधे (दातेरी जोडात) एक-दोन दाते जरी चुकून बसवलं तर नवीन बेअरिंग टाकूनही थरथर येते, आणि ती नवीनच असते, मग माणूस पुढचे सहा महिने शोधत बसतो. कुणाकडं शाफ्ट काढायचं काम दिलं तर तिथं उभं राहून ही रेघ मारून घ्या. क्रॉस हातानं फिरवून बघितले, मागचा एका दिशेला अडत होता, तोही बदलला.

पण अण्णा तिथं थांबले नाहीत. म्हणाले, डावं चाक जॅम झालं कशानं ते बघू, नाहीतर नवीन टायरपण असंच घासशील. आणि मग ती गोष्ट सापडली जी मी ही गाडी घेतल्यापासून, चार वर्षं, कधी बघितलीच नव्हती. मागच्या एक्सलवर एक दांडी असते, ती वर एका व्हॉल्व्हला जाते, एलएसपीव्ही म्हणतात त्याला. गाडी मोकळी असली की बॉडी वर असते, दांडी तसं सांगते आणि मागच्या ब्रेकला प्रेशर कमी जातं, लोड असला की बॉडी दबते आणि प्रेशर जास्त जातं. जुन्या मालकानं जादा पाटा टाकला होता, त्यामुळं बॉडी कायमची वर राहिली आणि मागचे ब्रेक कमी लागायला लागले असणार, म्हणून कुणीतरी ती दांडी तारेनं खेचून बांधून ठेवली होती. म्हणजे लोड असो नसो, मागं कायम फुल प्रेशर. घाटाच्या उतारावर जोरात ब्रेक मारला की वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि नेमकं तेव्हाच त्यांना पूर्ण दाब. आमच्या जुन्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जॅम होऊ न देणारी सोय, नाही. चाक जॅम होणारच. उजव्या बाजूचं ॲडजस्टमेंट ढिलं होतं म्हणून उजवं कमी घासलं आणि डाव्यानं सगळं सोसलं.

ती तार बघून मला राग नाही आला, भीती वाटली. मागची दोन्ही चाकं जॅम झालेली आणि मागनं ट्रॉली ढकलतेय, अशात गाडी आडवी व्हायला, ट्रॉली दाराशी येऊन आपटायला एक सेकंद पुरला असता. पोरगं माझ्या शेजारी बसलेलं. त्याची आई आमच्याच गल्लीत राहते, माझ्या भरवशावर पाठवते ती त्याला रात्री-अपरात्री.

तार कापली, जादा पाट्याच्या हिशेबानं दांडी परत सेट केली, दोन्हीकडचं ॲडजस्टमेंट सारखं केलं. मागं दोन नवीन टायर. घासलेलं टायर एक पंक्चरवाला स्टेपनीला ठेवा म्हणत होता, नाही ठेवलं, जिथं घासलंय तिथं आतले धागे किती तापलेत ते वरनं दिसत नाही.

परत खानापूर रोड, परत भाचा, परत फोन पत्र्यावर. साठ, सत्तर, ऐंशी. आलेखावर दोन्ही शिखरं बसली होती, उरली ती रस्त्याची बारीक खळबळ. भाच्यानं फोन उपटून खिशात टाकला आणि काय बोलला नाही, खिडकीतनं बाहेर बघत बसला, मीपण घरापर्यंत रेडिओ लावला नाही. गाडी शांत चालल्याचा आवाज ऐकत आलो.

आता राहिलीय ट्रॉली. जनरेटर चेसिसवर चार बोटं मागं बसवलाय, त्यामुळं हुकावर वजन कमी पडतं. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के हुकावर आलं पाहिजे, म्हणजे आमच्या ट्रॉलीला एकशेवीस ते एकशेऐंशी किलो. आमच्याकडं धान्याच्या काट्यावर हुक टेकवून बघितला तर सत्तरसुद्धा भरला नाही. जनरेटर पुढं सरकवायचं काम उद्यमबागला एका फॅब्रिकेशनवाल्याला दिलंय, आणि त्याच्याशीच ट्रॉलीला ओव्हररन ब्रेक बसवायचं बोलणं चाललंय, ज्यात ट्रॉली पुढं ढकलायला लागली की त्या ढकलण्यानंच तिच्या स्वतःच्या चाकांचा ब्रेक लागतो. गाडी मागं घेताना तो ब्रेक अडू नये म्हणून एक खिट्टी लागते, त्या खिट्टीचं डिझाइन आम्ही दोघं कागदावर काढत बसलोय. बेळगाव, निपाणी, चिक्कोडी भागात कुणी हजार-बाराशे किलोच्या जनरेटर ट्रॉलीला असा ब्रेक बसवला असेल तर कितीचा ड्रम वापरला आणि खिट्टी कशी केली ते मला सांगा. तोपर्यंत ट्रॉली लावली की तवंदी घाट दुसऱ्या गिअरला, मीटर चाळीसच्या खाली, मागच्यानं कितीपण हॉर्न मारू दे.